सिडनी बंदर : नाव ठेवले, नावेही ठेवली

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराचा नकाशा उघडला की आधी नजरेत भरते ती तिथली वेडीवाकडी किनाररेषा. दोन उंच कड्यांमधून समुद्र आत शिरतो आणि पुढे डोंगरांच्या खाचाखाचांत पसरत जातो. प्रत्येक खाचेला नाव आहे, पाण्यात घुसलेल्या प्रत्येक टोकाला नाव आहे, आणि त्यातली पुष्कळशी नावे माणसांची आहेत. बेनेलाँग पॉइंट, डॉज पॉइंट, ब्लूज पॉइंट, बरंगारू, मॅक्वारी स्ट्रीट. पर्यटक ती नावे वाचतो आणि पुढे जातो. ही माणसे कोण होती, हे मात्र ती नावे सांगत नाहीत.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मुंबईतल्या इंग्रजी पलटणींविषयी जमेल तसे वाचत असताना लॅक्लन मॅक्वारी नावाचा एक अधिकारी भेटला. तो पुढे सिडनीचा गव्हर्नर झाला, म्हणून त्याच्या मागोमाग मीही सिडनीला पोहोचलो; अर्थात कागदोपत्रीच. तिथून वॉटकिन टेंच आणि डेव्हिड कॉलिन्स या अधिकाऱ्यांची त्या काळात छापलेली पुस्तके हाती लागली. मग लेफ्टनंट डॉजच्या वह्या आल्या, आणि त्यांवर काम करणाऱ्या आजच्या अभ्यासकांचे लेखनही आले. हे सगळे वाचताना एक गोष्ट पक्की होत गेली. एखाद्या जागेला माणसाचे नाव मिळणे वेगळे, आणि त्या जागेवरचा त्याचा हक्क मान्य होणे वेगळे. सिडनीत पहिली गोष्ट अनेकदा दुसरीच्या बदल्यात दिली गेली आहे.

न आलेल्यांची नावे

सुरुवात शहराच्या नावापासूनच करू. मे १७७० मध्ये कॅप्टन जेम्स कुक या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे जात होता. दोन कड्यांमधले तोंड त्याने लांबून पाहिले, आत मात्र तो गेला नाही. तरी नाव देऊन मोकळा झाला : पोर्ट जॅक्सन. जॉर्ज जॅक्सन हा लंडनच्या नौदल कचेरीतला वरिष्ठ अधिकारी. गंमत अशी, की पुढे या गृहस्थाने स्वतःचेच आडनाव बदलून डकेट असे घेतले. बंदर मात्र जॅक्सनच राहिले.

अठरा वर्षांनी ब्रिटनहून ११ जहाजांचा तांडा आला. त्यात सातशेहून अधिक कैदी होते. गव्हर्नर आर्थर फिलिपने ठरलेली बॉटनी बे ही जागा नापसंत केली, आणि उत्तरेला थोड्या अंतरावरच्या या बंदरातली एक लहानशी खाडी निवडली. कारणे दोन : किनाऱ्यालगत जहाज लागेल इतके खोल पाणी, आणि डोंगरातून येणारा गोड्या पाण्याचा ओढा. २६ जानेवारी १७८८ रोजी तिथे ब्रिटिश झेंडा चढला. आपल्याकडे ही तारीख प्रजासत्ताक दिनाची. तिकडे ती 'ऑस्ट्रेलिया डे' म्हणून साजरी होते आणि तिथले अनेक मूळ रहिवासी ती शोकाचा दिवस म्हणून पाळतात. खाडीला नाव दिले ते ब्रिटनचा गृहमंत्री लॉर्ड सिडनी याचे. त्याने ही खाडी जन्मात पाहिली नाही.

ज्या ओढ्यामुळे शहर वसले, त्याचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १७९० च्या दुष्काळात त्याच्या काठी वालुकाश्म खोदून पाणी साठवायच्या टाक्या केल्या, म्हणून तो 'टँक स्ट्रीम' झाला. दोन्ही काठांना ५० फुटांपर्यंत झाडे तोडू नयेत असा हुकूम फिलिपने काढला होता. पण फिलिप गेल्यावर माणसे, डुकरे, खाटीकखाने सगळे काठावर आले. १८२६ मध्ये ते पाणी पिण्यासाठी बंद झाले. आज तो ओढा मध्यवर्ती सिडनीच्या रस्त्यांखालून पावसाळी गटार म्हणून वाहतो.

बंदराच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या कुळाचे नाव कॅडिगल. वसाहत होऊन सव्वा वर्षही झाले नव्हते तोच, एप्रिल १७८९ मध्ये, देवीची साथ आली. खडकांच्या कपारींत आणि वाळूवर प्रेते पडलेली अधिकाऱ्यांनी पाहिली. पूर्वीच्या कॅडिगलांपैकी तिघेच उरल्याचे कॉलिन्स नोंदवतो. माणसेच राहिली नाहीत, तिथे त्यांनी दिलेली नावे कोण सांगणार?

शिंपल्यांचे टोक

सिडनीचे ऑपेरा हाउस ज्या टोकावर उभे आहे त्याचे जुने नाव टुबोगुली. शतकानुशतके तिथे माणसांनी कालवे आणि शिंपले खाऊन कवचांचे ढीग घातले होते. वसाहतवाल्यांनी आधी तिथे गुरे उतरवली, म्हणून नाव पडले कॅटल पॉइंट. मग घरे बांधायला चुना हवा झाला. जवळपास चुनखडीचा दगड नव्हता. तेव्हा ते ढीग उपसून, शिंपले भट्टीत भाजून चुना करू लागले आणि टोकाला नाव मिळाले लाइमबर्नर्स पॉइंट. सिडनीच्या पहिल्या विटांच्या घरांमधला चुना असा आधीच्या रहिवाशांच्या जेवणांतून आला आहे.

तिसरे नाव बेनेलाँगचे. तो वांगल कुळातला, म्हणजे बंदराच्या आतल्या अंगाला नदीकाठी राहणारा. स्थानिकांशी बोलायला कोणी मध्यस्थ हवा म्हणून फिलिपने माणसे पकडून आणायचा मार्ग धरला होता. पहिला अरबानू, तो देवीने गेला. मग २५ नोव्हेंबर १७८९ रोजी मॅन्ली इथे माशांचे आमिष दाखवून बेनेलाँग आणि कोलबी या दोघांना पकडले. कोलबी लवकरच पळाला. बेनेलाँग काही महिने राहिला, भाषा शिकला, फिलिपला 'बाप' म्हणू लागला, आणि मे १७९० मध्ये तोही निसटला.

सप्टेंबरात मॅन्लीच्या किनाऱ्यावर दोघांची पुन्हा भेट झाली. बोलणे चालू असताना दुसऱ्या एका माणसाने फेकलेला भाला फिलिपच्या खांद्यात घुसला. फिलिप वाचला आणि त्याने सूड घेऊ दिला नाही. अनेक अभ्यासकांच्या मते हा अचानक झालेला हल्ला नव्हता; पळवून नेण्याच्या अपराधाची त्यांच्या रिवाजाप्रमाणे दिलेली शिक्षा होती. शिक्षा झाली, हिशेब मिटला. त्यानंतर बेनेलाँग आपणहून वसाहतीत येऊ लागला आणि फिलिपने त्या टोकावर त्याला विटांचे छोटे घर बांधून दिले. म्हणून बेनेलाँग पॉइंट.

नावांविषयी या लोकांचे रिवाज नीट समजून घ्यायला हवेत. टेंच सांगतो की बेनेलाँगला अनेक नावे होती. त्यातले वोलारवारी हे एक नाव त्याने फिलिपला दिले. नाव देणे म्हणजे नाते जोडणे. आणि नाते जोडले की देणेघेणे आले, जबाबदारी आली. उलट, माणूस मेला की त्याचे नाव उच्चारायचे नाही, असा त्यांचा कडक नेम असल्याचे कॉलिन्सने लिहून ठेवले आहे. जिवंतपणी नाव वाटून घ्यायचे आणि मेल्यावर मुकाट्याने सोडून द्यायचे, अशी ती रीत. आपली, आणि इंग्रजांचीही, रीत नेमकी उलटी : माणूस गेला की त्याच्या नावाची पाटी लावायची.

डिसेंबर १७९२ मध्ये फिलिपबरोबर बेनेलाँग आणि येमरावानी नावाचा तरुण इंग्लंडला गेले. येमरावानी १७९४ मध्ये तिथेच वारला. लंडनजवळ एल्टम इथे त्याला पुरले. बेनेलाँग १७९५ मध्ये परतला. त्याचे ते घर पाडून टाकले गेले. ३ जानेवारी १८१३ रोजी नदीकाठी किसिंग पॉइंट इथे तो वारला. जेम्स स्क्वायर या मद्य उत्पादकाच्या फळबागेत त्याला पुरले. 'सिडनी गॅझेट'ने छापलेल्या मृत्युलेखात त्याच्याबद्दल चांगला शब्द जवळजवळ नाही. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. सिडनीने बेनेलाँगच्या बाबतीत दोन्ही केले.

त्यानंतर दीर्घकाळ 'दोन जगांच्या मध्ये सापडून दारूत बुडालेला' अशीच त्याची गोष्ट सांगितली गेली. कीथ व्हिन्सेंट स्मिथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा वेगळा माणूस दिसला. बेनेलाँग इंग्रजांपासून दूर होऊन आपल्या लोकांत परतला होता, त्यांच्या रिवाजांत भाग घेत होता आणि नदीकाठच्या एका जमातीचा प्रमुख म्हणून जगला. गोऱ्यांच्या नजरेआड गेला म्हणून तो बुडाला असे त्यांनी धरले, इतकेच.

टोकाचे पुढे काय झाले? तिथे आधी किल्ला झाला, मग ट्रामचा डेपो, आणि २० ऑक्टोबर १९७३ रोजी ऑपेरा हाउसचे उद्घाटन. नाव टिकले. बेनेलाँगला जिथे पुरले ती जागा मात्र घरांच्या वस्तीत हरवली होती. पटनी या उपनगरातला तो भूखंड न्यू साउथ वेल्स सरकारने विकत घेतला तो २०१८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २०५ वर्षांनी.

बरंगारूची जाळी

बेनेलाँगची बायको बरंगारू ही समोरच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कॅमरेगल कुळातली. तिची ओळख 'बेनेलाँगची बायको' एवढीच करून दिली तर अन्याय होईल. या बंदरात मासेमारी करून कुटुंब पोसायच्या त्या बायका. पुरुष खडकांवरून भाल्याने मासा मारत. बायका झाडाच्या सालीच्या चिंचोळ्या होडीत बसून गळ टाकत. गळ शिंपल्याचा, दोर झाडाच्या अंतर्सालीचा, होडीत मातीवर पेटवलेला विस्तव आणि मांडीवर मूल. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळणीला ही कामाची पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

नोव्हेंबर १७९० मध्ये इंग्रजांच्या जाळ्यात एकाच वेळी सुमारे ४००० मासे सापडले आणि त्यातले ४० बेनेलाँगच्या मंडळींना भेट म्हणून पाठवले. 'द कॉलनी' हे सिडनीच्या आरंभकाळावरचे महत्त्वाचे पुस्तक लिहिणाऱ्या ग्रेस कार्स्केन्स यांनी या घटनेकडे बरंगारूच्या बाजूने पाहिले आहे. त्या बंदरात एका दिवसात इतके मासे उपसणे ही उधळपट्टी होती. शिवाय मासे वाटण्याचा मान बायकांचा, आणि ही भेट आली ती पुरुषांच्या हाती. घरातले तिचे स्थानच या जाळ्याने हलवले.

बरंगारूने इंग्रजी कपडे घातले नाहीत. गव्हर्नरच्या घरीही ती आपल्या रीतीने, अंगाला रंग लावून गेली. बायकांचे मासेमारीचे सामान चोरल्याबद्दल एका कैद्याला फटके मारायचे ठरले, तेव्हा न्याय कसा होतो ते पाहायला स्थानिकांना मुद्दाम बोलावले होते. टेंच लिहितो की बरंगारू भडकली आणि काठी उगारून फटके मारणाऱ्यावरच धावून गेली. सामान तिच्याच लोकांचे चोरीला गेले होते; तरी माणसाला बांधून मारणे तिला सहन झाले नाही.

१७९१ मध्ये मुलीला जन्म दिल्यावर थोड्याच दिवसांत ती वारली. तिच्या मासेमारीच्या सामानासह तिला अग्नी दिला, आणि बेनेलाँगने तिची राख गव्हर्नरच्या घराच्या बागेत पसरली. दिलबाँग ही तान्ही मुलगीही पुढे गेली. तीही त्याच बागेत पुरलेली आहे. त्या घराचे पाये १९८३ मध्ये उत्खननात सापडले आणि तिथे आज 'म्युझियम ऑफ सिडनी' आहे.

बरंगारूचे नाव दिले गेले ते दुसऱ्याच जागेला : शहराच्या पश्चिम बाजूच्या जुन्या गोद्यांना. मंदीच्या काळात गोदी कामगार कामाच्या शोधात धक्क्यामागून धक्का पालथा घालत, म्हणून तिथल्या रस्त्याला 'हंग्री माइल', भुकेचा मैल, म्हणत. कंटेनरची वाहतूक हलल्यावर ती जागा मोकळी झाली आणि २००७ मध्ये तिला बरंगारू नाव मिळाले. तिथे २०१५ मध्ये वालुकाश्मांचा किनारा रचून एक सुंदर उद्यान झाले, हे खरे. पण त्याच नावाखाली बँकांच्या इमारती आहेत आणि २७१ मीटर उंचीचा जुगारगृहाचा मनोराही आहे. चाळीस माशांनी जिचे समाधान झाले नाही तिला या सौद्याबद्दल काय वाटले असते, हे मी वाचकांवर सोडतो.

तारा

ऑपेरा हाउसच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या बाजूला, डॉज पॉइंट आहे. हार्बर ब्रिजचे दक्षिणेकडचे टोक इथेच टेकते. विल्यम डॉज हा नौसैनिक, पण ओढा खगोलशास्त्राकडे. १७८८ मध्ये त्याने इथे छोटी वेधशाळा उभारली आणि राजज्योतिषी मॅस्कलिनचे नाव टोकाला दिले. ते टिकले नाही. लोक डॉजचेच नाव घेऊ लागले.

डॉज वस्तीपासून जरा लांब, एकटा राहत असे. तिथे स्थानिक माणसे मोकळेपणाने येत. त्यांत पंधरा वर्षांच्या आसपासची पतेगरांग नावाची मुलगी होती. तो तिच्याकडून भाषा शिकला आणि ती त्याच्याकडून इंग्रजी. १७९० आणि १७९१ मधल्या त्याच्या वह्यांत नुसती शब्दांची यादी नाही, बोललेली वाक्ये आहेत. एका शब्दाचा अर्थ असा : विस्तवावर आपला हात शेकून मग दुसऱ्याची बोटे हलकेच दाबणे. एवढ्या कृतीला एक स्वतंत्र क्रियापद! दुसऱ्या एका ठिकाणी डॉज विचारतो की तुमची माणसे का रागावली आहेत, का घाबरतात. पतेगरांगचे उत्तर सरळ आहे : गोरे इथे येऊन बसले म्हणून राग, आणि बंदुकांमुळे भीती. त्या बंदरातल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितलेली आणि लिहिली गेलेली ही बहुधा सर्वांत स्पष्ट तक्रार असावी.

डिसेंबर १७९० मध्ये गव्हर्नरच्या शिकाऱ्याला भाला लागला. या वेळी फिलिपने सूडाची तुकडी काढली आणि तीत डॉजला जायला सांगितले. त्याने आधी नकार दिला, मग गेला. तुकडीच्या हाती कोणी लागले नाही. पण परतल्यावर, गेलो ही चूक झाली असे डॉज उघड म्हणाला. पुढे वसाहतीत राहायची त्याची इच्छा होती. माफी मागितली असती तर राहता आले असते. त्याने मागितली नाही आणि डिसेंबर १७९१ मध्ये तो निघून गेला. नंतरचे आयुष्य त्याने गुलामगिरीविरुद्धच्या कामात घालवले. १८३६ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर तो वारला.

त्याच्या वह्या लंडनमध्ये धूळ खात पडल्या होत्या. १९७२ मध्ये त्या अभ्यासकांच्या नजरेस आल्या. आज त्यांच्याच आधारे सिडनीची ती भाषा पुन्हा शिकली-शिकवली जाते. डॉज पॉइंटला आता जुने नावही अधिकृतपणे जोडलेले आहे : तारा. ते कसे म्हणायचे हे आपल्याला कळते, कारण कोणीतरी ते ऐकून लिहून घेतले होते.

मुंबईचा कॅप्टन, कोचीनचा मुलगा

आता मॅक्वारी. १७८८ मध्ये, म्हणजे कैद्यांचा तांडा सिडनीला लागला त्याच वर्षी, तो ७७व्या पलटणीबरोबर मुंबईत उतरला. १७९३ मध्ये मुंबईतच त्याने जेन जार्विसशी लग्न केले. ती अँटिग्वाच्या मळेवाल्या कुटुंबातली. ज्या बेटावर डॉज पुढे गुलामांच्या बाजूने उभा राहिला, तेच बेट. जेन १७९६ मध्ये क्षयाने मकाव इथे गेली. मॅक्वारीने तिचा देह मुंबईला आणून पुरला.

त्याआधी, १७९५ मध्ये, मॅक्वारीने कोचीनला दोन लहान मुलगे विकत घेतले होते. त्यातल्या एकाचे नाव ठेवले जॉर्ज, आणि आडनाव बायकोच्या माहेरचे : जार्विस. त्याचे मूळ नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. तो मुलगा मॅक्वारीचा खासगी नोकर म्हणून वाढला. १ जानेवारी १८१० रोजी मॅक्वारीने सिडनीत सूत्रे हाती घेतली, तेव्हा जॉर्ज बरोबर होता. तिथेच त्याने मेरी जेली नावाच्या कैदी स्त्रीशी लग्न केले. १८२४ मध्ये लंडनला मॅक्वारी मरण पावला तोवर तो त्याच्या सेवेत होता.

मॅक्वारीने सिडनीला शहराचे रूप दिले. सरळ रस्ते, इस्पितळ, शिक्षा संपलेल्या कैद्यांना मान. बिली ब्लू हा साखर चोरल्याबद्दल शिक्षा होऊन आलेला कृष्णवर्णीय नावाडी. त्याला मॅक्वारीने १८१७ मध्ये उत्तर किनाऱ्यावर ८० एकर जमीन दिली. पलीकडे जाण्यासाठी त्याचीच तर लागे, म्हणून ब्लूज पॉइंट. या बंदरात माणसाच्या कामामुळे पडलेले इतके साधे नाव दुसरे मला दिसले नाही. पण जमीन कोणाची होती आणि कोणी कोणाला दिली, हा प्रश्न तिथेही उरतोच.

मॅक्वारीची दुसरी बायको एलिझाबेथ. बंदराच्या एका टोकावर खडकात तिच्यासाठी आसन कोरले आहे. तिथवरचा रस्ता १३ जून १८१६ रोजी पुरा झाला, असे त्या खडकावरच लिहिले आहे. आजही लोक तिथे बसून फोटो काढतात. त्याच्या दोनच महिने आधी, १७ एप्रिल १८१६ रोजी, मॅक्वारीने पाठवलेल्या सैनिकांनी सिडनीच्या नैर्ऋत्येला ॲपिन इथे रात्री वस्तीवर गोळीबार केला. किमान १४ माणसे मेली. काही जण पळताना कड्यावरून खाली पडले. ठार झालेल्या पुरुषांचे देह इतरांना जरब बसावी म्हणून झाडांवर टांगावेत, असा मॅक्वारीचा हुकूम होता. आणि ॲपिन हे नाव? ते एलिझाबेथच्या माहेरच्या स्कॉटिश मुलखाचे.

नकाशावर मॅक्वारीचे नाव जागोजाग आहे. जॉर्ज जार्विसचे मला कुठे दिसले नाही. जेनच्या थडग्याच्या निमित्ताने हा धागा आपल्या मुंबईशी जुळतो. पण मला जास्त जवळचा वाटतो तो कोचीनचा मुलगा, ज्याला मिळालेले नावही त्याचे नव्हते.

गावांची, रस्त्यांची, स्थानकांची नावे बदलण्याचा आपल्याला भारी उत्साह. चुकीचे नाव काढून योग्य नाव देणे हे न्याय्य काम असू शकते. ताराला तिचे नाव परत मिळाले ते चांगलेच झाले. पण सिडनीचा नकाशा सांगतो की पाटी लावणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. बेनेलाँगचे घर पाडायला फारशी वर्षे लागली नाहीत. जिथे त्याला पुरले ती जागा राखायला दोनशे लागली. पतेगरांगच्या नावाचे टोक नसले तरी चालेल. तिचे शब्द आज कोणी तरुण मुलगी पुन्हा बोलत असेल, तर स्मरण म्हणतात ते तेच.